नऊ नंबरची खुंटी

संस्थेत त्यांना खऱ्या नावाने हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं. शिपायापासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळ्यांचे ते तीनदाकाका. मोजायचं तर तीनदा, हे त्यांचं म्हणणं. म्हणणं कसलं, हेकाच तो. भिंतीवर घड्याळाचा खिळा ठोकायचा असला तरी हा माणूस टेप तीन बाजूंनी लावणार. कॅन्टीनमध्ये कोणीतरी हमखास विचारायचं, "काका, लग्न पण तीनदा केलंत का हो?" त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं. "एकदाच केलं. पण होकार तीनदा विचारून घेतला." सगळे हसायचे. त्यांची बायको गेल्यावर हा प्रश्न विचारायचं सगळ्यांनी आपोआप सोडून दिलं.

त्यांचं काम सांगायला सोपं आणि करायला महाकठीण. पृथ्वीच्या टोकाला, जिथे नजर जाईल तिथे बर्फ, तिथे मधूनच काळे खडक डोकं वर काढतात. त्या खडकात भोक पाडून बोटभर पोलादी खुंटी बसवायची, खुंटीवर तिपाई उभी करायची आणि तिपाईवर जाड ताटासारखी अँटेना. ती आठवडाभर वरून जाणाऱ्या उपग्रहांचे संकेत टिपत बसते आणि त्यावरून संगणक सांगतो की अँटेना नेमकी कुठे आहे. काही वर्षांनी पुन्हा तिथेच जायचं, त्याच खुंटीवर सगळं पुन्हा मांडायचं. तेवढ्यात खडक थोडासा हललेला असतो. आपण जमिनीला स्थिर समजतो, पण तिचे भलेमोठे तुकडे सरकत असतात, आणि वरचा बर्फ वितळून ओझं उतरलं की जमीन हळूहळू वरही येते. वर्षाला चार-पाच मिलिमीटर, त्याहून जास्त नाही.

आता गंमत अशी, की संगणकाला अँटेना कुठे आहे एवढंच कळतं. खुंटी तिच्या खाली किती अंतरावर आहे, ते माणसाने मोजून सांगायचं. म्हणजे अवकाशात एवढे उपग्रह फिरवायचे आणि सगळ्यांची अब्रू शेवटी एका टेपवर. खुंटीच्या माथ्यापासून अँटेनाच्या खालच्या कडेपर्यंत मोजायचं. तीन बाजूंनी. एकदा मिलिमीटरमध्ये, आणि मग टेप उलटी करून त्याच तीन बाजूंनी इंचांमध्ये, म्हणजे एका मापाची चूक दुसऱ्यात पकडली जाते. शेवटी टेप लावलेल्या अवस्थेत एक फोटो. हा सगळा रिवाज काकांनीच बसवलेला. नव्या मुलामुलींना ते पहिल्या दिवशी बजावायचे, "तिन्ही आकडे तंतोतंत सारखे आले ना, तर समजा मोजणाऱ्याने मोजलंच नाही. खरं माप थोडं तरी हलतं."

आणि नऊ नंबरच्या खुंटीची गोष्ट. ती संस्थेत नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवली जायची, काकांच्या पाठीमागे, आदराने आवाज खाली आणून. अकरा वर्षांपूर्वी काका बर्फावरच्या तळावर होते. तिथे फोन आला की बायको गेली. मेंदूत रक्तस्राव, दोन दिवसांत सगळं संपलं. बोट यायला नऊ आठवडे होते, त्याआधी परतायला वाट नव्हती. दुसऱ्या दिवशी हवा उघडली. सगळ्यांत लांबच्या खडकावर हेलिकॉप्टर जाऊ शकेल असा त्या महिन्यातला तो एकच दिवस. तळप्रमुख म्हणाले, तुम्ही थांबा, दुसरं कोणी जाईल. काका म्हणाले, मीच जाणार. आणि गेले. चाळीस मिनिटांचं काम, पण हेलिकॉप्टरच्या वहीत लिहिलंय, काका खडकावर दोन तास दहा मिनिटं होते. एवढ्या दुःखातही तिप्पट काळजी घेतली, एका मिलिमीटरची चूक होऊ दिली नाही. संस्थेच्या मासिकात मोठ्या साहेबांनी यावर पानभर लेख लिहिला होता. तेव्हापासून काकांची सही असलेलं नोंदपत्रक कोणी तपासत नसे. कशाला तपासायचं?

काकांनी तो लेख कधी वाचला नाही. त्यांच्या लेकीने मात्र वाचला.

लेक तेव्हा एकोणीस वर्षांची. आईला दवाखान्यात तिने नेलं, कागदांवर सह्या तिने केल्या, दवाखान्यातून घरी आणून निरोप देण्यापर्यंत सगळं तिने एकटीने निभावलं. बाप घरी आला तो नऊ आठवडे आणि बोटीतले बारा दिवस संपल्यावर, फाटलेल्या ओठांचा आणि गप्प. लेकही गप्प. त्याच महिन्यात ते मासिक घरी येऊन पडलं. तिने उभ्याउभ्या वाचलं, घडी घालून टेबलावर ठेवलं, आणि त्या दिवसापासून बापाला तुम्ही म्हणायला लागली. पुढे ती शिकली, औषधांच्या दुकानात कामाला लागली, दोन रस्ते पलीकडे स्वतःची खोली घेऊन राहू लागली. दर रविवारी फोन करायची. गॅस आला का, रक्तदाबाची गोळी संपली का, पायाची सूज कशी आहे. काका उत्तरं द्यायचे. चार मिनिटांत बोलणं संपायचं. भांडण असतं तर निदान मिटवता तरी आलं असतं.

निवृत्तीला तीन आठवडे उरले तेव्हा काकांनी तिला निरोप समारंभाला ये म्हटलं.

"साहेब बोलणार ना?" तिने विचारलं.

"बोलतील थोडंफार."

"म्हणजे नऊ नंबरची गोष्ट येणार. आईचं मरण तोंडी लावायला घेऊन तुमचं कौतुक होणार. ते ऐकायला मी नाही येत, बाबा. पेढी बंद असली तरी नाही येणार." ती दुकानाला पेढी म्हणायची. मग तिने गोळ्यांचं विचारलं.

काकांना वाईट वाटलं. पण मनातून त्यांना वाटत आलं होतं की तिचा राग रास्त आहे.

त्याच आठवड्यात संस्थेतल्या एक संशोधक बाई त्यांच्या टेबलाशी आल्या. वयाने लेकीएवढ्याच, हुशार, बोलायला घाई. खुर्ची ओढून बसल्यासुद्धा नाहीत.

"काका, तुमच्या नऊ नंबरने कमाल केलीय! या उन्हाळ्यात आपल्या दोघी नव्या मुली जाऊन पुन्हा मोजून आल्या ना? आजूबाजूचे सगळे खडक वर्षाला चार मिलिमीटर वर येतायत. हा एकटा सात! म्हणजे मधे भेग आहे, काका. बर्फाखाली जिवंत भेग, आणि तिच्या दोन बाजू वेगवेगळ्या वेगाने हलतायत. कोणालाच माहीत नव्हती. माझा लेख तयार आहे, फक्त तुमचं जुनं नोंदपत्रक आणि फोटो जोडायचाय. शेवटी तुमचे आभार मानलेत मी. नाव घालून."

काका खूश झाले. का होऊ नयेत? उभं आयुष्य टेप धरून बर्फात गुडघे झिजवले आणि जाता जाता जमिनीने काहीतरी दाखवलं. ते लोखंडी कपाटापाशी गेले, त्या वर्षाची फाइल काढली. अकरा वर्षांत त्यांनी ती एकदाही उघडली नव्हती. उघडायची वेळ आली नाही, असं ते स्वतःला सांगत आले होते.

आठ नंबरचं पत्रक वर होतं. १२४३, १२४४, १२४३. त्याखालचे इंचांचे आकडेही जरा इकडे, जरा तिकडे. मग नऊ नंबरचं.

१२७८. १२७८. १२७८. आणि इंचांच्या रकान्यात त्याच संख्येचा अचूक भागाकार, तीनदा, एकाच वळणाच्या अक्षरात.

हे पत्रक दुसऱ्या कोणाचं असतं तर त्यांनी क्षणात ओळखलं असतं की मोजणाऱ्याने एकदाच मोजलं, तोच आकडा तीनदा लिहिला आणि इंच तळावर बसून हिशोबाने काढले. नव्या पोरांचे याच कारणाने त्यांनी किती कान उपटले होते. मग त्यांनी संगणकावर त्या दिवसाचा फोटो शोधला. अकरा वर्षं तो फोटो कोणी उघडला नव्हता. तो त्यांनी मोठा केला. अँटेनाची जाड चकती, टेप, टेपवर हातमोजा न घातलेला त्यांचाच अंगठा. आणि टेपचं टोक चकतीच्या वरच्या कडेला. खालच्या नाही.

चकतीची जाडी पस्तीस मिलिमीटर. ते त्यांना पाठच होतं. उंची पस्तीसने जास्त लिहिली, म्हणजे खुंटी त्या वर्षी होती त्यापेक्षा पस्तीसने खाली धरली गेली. अकरा वर्षांनी पोरींनी बरोबर मोजलं आणि खडक तेवढा जास्त वर आलेला दिसला. पस्तीस भागिले अकरा. त्यासाठी संगणक लागत नाही. सातातून तीन गेले, राहिले चार. इतर सगळ्या खडकांसारखाच तो खडक. तिथे भेग नव्हतीच.

ते फाइल घेऊन पुन्हा कपाटाशी आले. फाइल परत ठेवता आली असती. पत्रक सापडत नाही म्हटलं असतं, तरी संस्थेत एकाही माणसाने अविश्वास दाखवला नसता. तीन आठवड्यांनी पुष्पगुच्छ घेऊन ते घरी गेले असते आणि बाई आपली भेग घेऊन जगभर फिरल्या असत्या. उलट खरं सांगितलं तर बाईंचं दोन वर्षांचं काम पाण्यात, आणि आयुष्यात स्वतःचं जे एक नाव कमावलं होतं, तेही गेलं. बायको गेलेल्या दिवशी लेकीजवळ नव्हतो, पण निदान काम तरी चोख केलं, एवढाच काय तो आधार त्यांना होता. आता तोही खोटा निघाला.

पण या माणसाला खोटं माप पचत नव्हतं. स्वतःचं तर मुळीच नाही.

बाईंच्या खोलीत जाऊन त्यांनी पत्रक आणि फोटो टेबलावर ठेवले आणि बोट ठेवून सगळं सांगितलं. बाई आधी हसल्या, मग फोटो पाहिला, मग संगणकात एक आकडा बदलला. सगळा आलेख सरळ व्हायला डोळ्याचं पातं लवायलाही वेळ लागला नाही. बाई पडद्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचंच असावं.

"काका, तीन आठवडे गप्प बसला असतात तर तुम्ही सुटला असतात."

"हो."

"मग?"

"तुम्ही तिथे नंतर कोणालातरी पाठवलं असतंत ना, भेग शोधायला. बर्फात." ते थांबले. "माफ करा, मॅडम. तुमचं नुकसान झालं."

बाईंनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते काकांना कळलं नाही. काका बाहेर पडत असताना त्या मागून एवढंच म्हणाल्या, "तुम्ही त्या दिवशी जायलाच नको होतं." त्यांच्या आवाजात कौतुक नव्हतं. त्या गोष्टीकडे कौतुकाशिवाय बघणारं संस्थेत ते पहिलंच माणूस.

मोठ्या साहेबांनी आपल्या परीने सांभाळून घ्यायचा प्रयत्न केला. म्हणाले, आकडा गुपचूप दुरुस्त करू, समारंभ होऊन जाऊ दे. काका म्हणाले, दुरुस्तीचं पत्रक रीतसर भरतो. त्यात सगळ्यांत खाली एक रकाना असतो: चुकीचं कारण. लोक तिथे लिहितात वारा, धुकं, टेप गोठली. काकांनी पेन हातात धरून दुपार घालवली. वारा नव्हता. त्या दिवसाइतकी स्वच्छ हवा त्या मोसमात दुसरी नव्हती. शेवटी त्यांनी लिहिलं, "मोजणारा मोजण्याच्या स्थितीत नव्हता," आणि खाली सही केली.

मग त्यांनी दोन्ही पत्रकांच्या आणि दुरुस्तीच्या कागदाच्या प्रती काढल्या आणि जेवणाच्या सुट्टीत लेकीच्या दुकानात गेले. इतक्या वर्षांत ते तिथे औषध घेण्यापुरतेच गेले होते. गोळ्या अजून संपल्या नाहीत हे तिला माहीत होतं. तिने त्यांच्याकडे पाहिलं, सहकाऱ्याला काउंटरवर बसायला सांगितलं आणि त्यांना मागच्या खोलीत घेऊन गेली. खोलीभर खोक्यांच्या चळती होत्या. एका खोक्यावर ते बसले, समोरच्या खोक्यावर ती.

"तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे. साहेब आता भाषणात ती गोष्ट सांगणार नाहीत. म्हणून आलो."

"का?"

त्यांनी कागद पुढे केले. आठ नंबरचं आधी, मग नऊ नंबरचं. ती आकड्यांची माणूस होती. दिवसभर चिठ्ठ्यांवरचे आकडे तपासणं हेच तिचं काम. तिने एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे.

"हे तीनही सारखे कसे?"

"एकदाच मोजलं."

"तुम्ही?"

"एकदाच. तेही चुकीच्या कडेला. पस्तीस मिलिमीटर चुकलं."

ती पुन्हा कागद बघायला लागली. बाहेर काउंटरवर कोणीतरी खोकल्याचं औषध मागत होतं.

"पण तिथे दोन तास होतात ना? मासिकात लिहिलं होतं. दोन तास दहा मिनिटं."

"हो."

"मग काय करत होतात एवढा वेळ?"

काका हातातल्या पिशवीचे बंद सरळ करत राहिले. हा प्रश्न आजवर त्यांना कोणी विचारला नव्हता. सगळ्यांना उत्तर माहीतच होतं.

"रडत होतो," ते म्हणाले. "तळावर तेरा माणसं होती. सगळी चांगली. दर दहा मिनिटांनी कोणीतरी चहा आणून द्यायचं. पाठीवर हात ठेवायचं. रडायला जागाच नव्हती गं कुठे. म्हणून म्हटलं, मी जातो. हेलिकॉप्टर सोडून निघून गेलं की तिथे मैलोन् मैल कोणी नसतं. तिथे मी... मी ओरडत होतो. तुझ्या आईला हाका मारत होतो. काम झालं की वायरलेसवर बोलवायचं असतं, ते मी केलंच नाही. शेवटी हेलिकॉप्टरच शोधत आलं, तो आवाज ऐकून आठवलं की मोजायचं राहिलंय. घाईघाईत टेप लावली. डोळ्यांना धड दिसत नव्हतं."

लेकीने नऊ नंबरच्या कागदावरून अंगठा फिरवला.

"चुकलं ते. कामात असं चालत नाही," ते म्हणाले.

"मी फोन केला होता," ती म्हणाली. तिचा आवाज एकाएकी लहान मुलीसारखा झाला होता. "मी सांगितलं, आई गेली. आणि तिकडून काय आलं आठवतं? बरं. एवढंच. बरं. मी नंतर किती वेळ रिसीव्हर कानाला लावून उभी होते."

"मीही."

"मग बोलला का नाहीस?"

"तोंडच उघडेना."

"अकरा वर्षं?"

काकांनी दुरुस्तीचा कागद तिच्यापुढे सरकवला. ती तो वाचायला लागली. खालच्या रकान्यावर येऊन ती थांबली आणि तिथेच राहिली. मग कागद मांडीवर ठेवून तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. खांदे हलायला लागले. काकांनी हात पुढे केला आणि अर्ध्यावरच थांबवला. एवढ्या वर्षांत या हाताची सवय राहिली नव्हती. मग त्यांनी तो तिच्या डोक्यावर ठेवला.

"मला वाटायचं," ती हातांच्या आडून म्हणाली, "आपल्या घरात आई फक्त माझीच गेली."

काउंटरवरून हाक आली, अमुक गोळी कुठल्या खणात आहे म्हणून. तिने बसल्याजागेवरून खण सांगितला. आवाज फुटला होता, पण खण बरोबर सांगितला. डोळे पुसून तिने कागदांची घडी घातली. नऊ नंबरचा कागद मात्र वेगळा काढून घेतला.

"हा मी ठेवू?"

"चुकीचा आहे तो."

"माहीत आहे." तिने तो पांढऱ्या कोटाच्या खिशात ठेवला. मग विचारलं, "किती असतं रे पस्तीस मिलिमीटर? म्हणजे केवढं?"

त्यांच्याजवळ टेप नव्हती. बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच. त्यांनी अंगठा आणि तर्जनी उचलून मधे अंतर धरलं. ते अंतर कमीजास्त होत होतं.

"एवढंच?" ती म्हणाली.

"एवढंच."

ती त्या दोन बोटांमधल्या रिकाम्या जागेकडे बघत राहिली. मग तिने त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. सुट्टी संपायला अजून दहा मिनिटं होती, तेवढी दोघं तशीच खोक्यांवर बसून राहिली.